ढोबळे काकांची डेटाशीट

ढोबळे काकांच्या फ्रिजात लोण्याच्या कप्प्यात लोणी नसतं. तिथं ट्रान्झिस्टर असतात. जुने, जर्मेनियमचे, तीन लांब पायांचे. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत कापूस घालून निजवलेले. गिटारच्या आवाजाला जुन्या गाण्यांतली ती खरखर आणायची तर हेच लागतात म्हणे. पण यांना उष्णतेचं भारी वावडं. जरा गरम झाले की आवाज घसरलाच. आणि आमचं गाव कोणतं, तर नागपूर. मे महिन्यात काका पाहुण्याला गार पाणी द्यायला कचरतात, कारण फ्रिजचं दार उघडं राहतं. "माणूस टिकते उन्हात, मॅडम," ते मला समजावतात, "जर्मेनियम नाई टिकत."

मी त्यांची शेजारीण. शाळेत मराठी शिकवते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी आज मला रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे धडाधड वाचता येतात, ही सगळी काकांची कृपा, आणि याबद्दल मी त्यांना अजून पुरती माफ केलेली नाही.

काका मूळचे नरखेडकडचे. तिकडे संत्र्याचा बगीचा आहे, तो भाऊ बघतो. हे इथं एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त झाल्यावर माणसं बगीच्यात जाऊन बसतात, हे गिटारच्या पेट्या बनवत बसले. वाजवणारा पायानं खटका दाबतो आणि गिटारचा आवाज बदलतो, ती छोटी पेटी. दुकानात तयार मिळते. पण तयार वस्तूचं नाव काढलं की काका असं तोंड करतात, जणू मी त्यांना विकतचा वडाभात खायला सांगितला. यातली खरी गंमत पुढंच आहे. काकांना गिटार वाजवता येत नाही. अजिबात नाही. पेटी तयार झाली की ते घरातल्या मोडक्या गिटारची एक तार टणकन ओढतात, डोळे मिटून ऐकतात, "हूं" म्हणतात आणि पेटी पुन्हा खोलतात.

"डेटाशीट पाह्यली का?" हे त्यांचं पालुपद. प्रत्येक सुट्या भागाचा एक कागद असतो. तो किती वीज सोसतो, किती तापतो, काय केलं की जळतो, मापात किती फरक चालतो म्हणजे टॉलरन्स किती, सगळं त्यात लिहिलेलं. काकांच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीला असा कागद हवा. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मुलाचा फोटो बघून म्हणाले, फोटोले काय करता, डेटाशीट मागवा. दूधवाल्यानं पाणी घातलं तर त्याला विचारतात, टॉलरन्स किती टक्के ठेवला गा? धंतोलीत एका डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेले आणि गोळीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खुर्ची सोडेनात. बाहेर रांगेतल्या लोकांचे गुडघे तोवर आणखी दुखायला लागले.

हे सुटे भाग मिळवणं म्हणजे एक व्यापच. पूर्वी सीताबर्डीच्या एका बोळात दुकान होतं, काका तिथं तासन् तास बसून पन्नास ट्रान्झिस्टर तपासून त्यातला जुळणारा जोडा निवडायचे. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात आणि दुकानदार लांबूनच हात हलवून सांगतो, काका, अब नहीं आता ये माल. म्हणून मग ऑनलाइन. थोड्या मालाला पार्सलचा खर्च परवडत नाही, त्यामुळे ऑर्डर टाकायच्या आधी काका सगळ्या बिल्डिंगमध्ये फिरतात, कोणाला काही मागवायचं का, असं विचारत. लोकांना काय मागवायचं असणार? पण नाही म्हणवत नाही. आमच्याकडे आजघडीला प्रत्येक देव्हाऱ्यात लुकलुकणारे दिवे आहेत आणि पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे वायरींना डाग द्यायची एक सोल्डरिंग गन आहे.

पार्सलं येतात मात्र माझ्या पत्त्यावर. कारण कुंदाकाकू. काकूंचा राग ट्रान्झिस्टरवर नाही, डब्यांवर आहे. पेटीला धातूचं खोकं लागतं आणि काकांना काकूंचे स्टीलचे डबे फार पसंत. खटक्याला एक भोक, बटणांना तीन, वायरींना दोन. घरात आता बिनभोकाचा डबा उरला नाही, साखरेला मुंग्या लागल्या की काकू माझ्यासमोर माहेर आठवतात. पार्सल घरी आलं तर फेकून देईन, अशी त्यांनी धमकी दिली होती. तेव्हापासून मी काकांची चोरटी पोस्टमास्तर. काकूंना ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "त्याइले वाटते मले समजत नाई," एकदा त्यांनीच मला पापड लाटता लाटता सांगितलं, "वाटू दे वं."

गेल्या वर्षापर्यंत हा सगळा नुसता नाद होता. मग बबनरावांना लकवा मारला.

बबनराव काकांचे कॉलेजच्या दिवसांपासूनचे मित्र. दोघं मिळून लग्नांत ऑर्केस्ट्रा करायचे. बबनराव गिटार वाजवायचे आणि काका मागं बसून वायरी जोडायचे. काटोल, सावनेर, वरूड, कुठं कुठं एसटीच्या टपावर स्पीकर टाकून गेलेले. काकांना वाजवता येत नाही, पण त्यांच्या सगळ्या पेट्या पहिल्यांदा वाजल्या त्या बबनरावांच्याच हातून. आता तो उजवा हातच गेला होता. डावा हात चांगला होता, बोलणंही हळूहळू परत आलं होतं, पण बबनरावांनी गिटारला खोळ घालून ती खुंटीला टांगली आणि विषय बंद केला. बायको आधीच गेलेली. मुलगा पुण्याला न्यायला येणार होता, मे संपायच्या आत. आणि गिटार इथंच कोणाला तरी देऊन टाकायची, असं ठरलं होतं.

काकांनी हे ऐकलं आणि हट्टालाच पेटले. त्यांचं म्हणणं असं, की डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती आपटली तरी सूर निघतो. फार बारीक निघतो, पण निघतो. तो बारीक सूर मोठा करून लांबवर टिकवून धरील अशी पेटी बनवली, तर बबनला उजवा हात लागणार नाही. पुण्याला जायच्या आत त्याच्या हातून एक गाणं वाजवून घ्यायचं. एकच. म्हणजे तो गिटार सोबत नेईल.

तीन पेट्या झाल्या. सूर मोठा व्हायचा, पण सोबत तळणीत पुरी सोडल्यासारखी सर्र अशी खरखरही मोठी व्हायची. मग काकांनी कुठून तरी एक शांत, बिनखरखरीची आयसी शोधून काढली. आयसी म्हणजे आठ पायांचा काळा तुकडा, पेटीचं सगळं डोकं त्यात. तिची चोवीस पानांची डेटाशीट मला संध्याकाळी चहाबरोबर वाचून दाखवली. ऑर्डर टाकली. मग आमचं पार्सल कुठवर आलं ते बघणं सुरू. शाळेत पेपर तपासताना काकांचे फोन, भिवंडीहून निघालं का, मॅडम? इतकी वाट मी माझ्या नवऱ्याच्या बदलीच्या ऑर्डरचीही पाहिली नव्हती.

पार्सल आलं, काकांनी फोडलं, आणि तसेच बसून राहिले. आयसी तीच होती. फक्त तुरीच्या डाळीएवढी होती. आठही पाय जागेवर, पण डोळ्यांना दिसतील तर शपथ. ही जात हातानं जोडायची नसते, कारखान्यात मशीन जोडतं. आपल्याला हवी ती मोठी, लांब पायांची. मापं डेटाशीटच्या शेवटच्या पानावर दिलेली होती. साऱ्या नागपूरला डेटाशीट वाचायला लावणाऱ्या माणसानं तेवीस पानं वाचली आणि शेवटचं सोडलं. मला असं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला. मग काकांचा चेहरा पाहिला आणि हसू जागच्या जागी विरलं. दुसरी मागवायला आठ दिवस लागणार होते, आणि मुलगा उद्याच येत होता.

"आणा इकडं," मागून काकू म्हणाल्या. त्या दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलंच नव्हतं.

त्या दुपारी ढोबळ्यांच्या घरी जे ऑपरेशन झालं, तसं धंतोलीतल्या दवाखान्यांतही कधी झालं नसेल. पंखा बंद, कारण आयसी उडते. कूलर बंद, कारण उडतेच. बाहेर असं ऊन, की कावळासुद्धा बोलेना. काकूंनी भिंग धरलं. काकांना भिंगातूनही पाय दिसेनात, म्हणून चिमटा माझ्याकडे आला, तोही माझाच, भुवया कोरायचा. केसाएवढ्या आठ तारा आठ पायांना डाग देऊन जोडायच्या होत्या. तीन झाल्या. चौथीला मी शिंकले.

आयसी गायब. तिघंही जमिनीवर. काकू रांगत होत्या, काका टॉर्च मारत होते, आणि मी मराठीची शिक्षिका सोफ्याखाली डोकं घालून सोल्डरच्या धुरात देवाचा धावा करत होते. दहा मिनिटांनी काकूंनी माझा दंड धरला. "शालू, हालू नको वं." आयसी घामानं माझ्या कोपराला चिकटली होती. त्यानंतर पुढच्या पाच तारा मी श्वास रोखून जोडल्या. काकू आत गेल्या आणि त्यांचा शेवटचा धड डबा, माहेरचा, नाव कोरलेला, आणून टेबलावर ठेवला. "पाडा भोकं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मानेवाड्याला बबनरावांकडे गेलो. दारात बॅगा बांधून ठेवलेल्या. बबनराव खिडकीशी बसले होते. काकांनी खुंटीवरची गिटार उतरवलेली पाहून त्यांनी तोंड फिरवलं. ज्या हातानं वाजवत होतो तो गेला, म्हणाले, आता कोणा पोराले देऊन टाक. काकांनी वाद घातला नाही. वायरी जोडल्या, गिटार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली आणि स्वतः मागं भिंतीशी जाऊन बसले, जिथं ते आयुष्यभर बसत आले.

बबनरावांनी डावा हात हळूहळू उचलला. मग बबनरावांचं एक बोट तारेवर पडलं. नुसतं पडलं. आणि सूर निघाला तो थांबेचना. खोलीभर पसरला, भरदार, लांब, खरखर नावालाही नाही. बबनरावांनी दचकून बोट उचललं. मग दुसरं टेकवलं. मग तिसरं. कुठल्या तरी जुन्या गाण्याचं तोंड होतं, अडखळत होतं, पण होतं. मला रडू आलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. काकू तर डोळ्याला पदर लावून मोकळ्या झाल्या होत्या.

"पभ्या," बबनराव काकांना म्हणाले, "आवाज फाटून राह्यला ना."

"फाटून नाई राह्यला. तुह्यं बोट वाकडं पडून राह्यलं."

मग दोघं वीस मिनिटं भांडले. मुलगा आतून धावत आला, वडिलांचा चढलेला आवाज ऐकून तिथंच उभा राहिला आणि हळूच एका बॅगेचा पट्टा सोडायला लागला, गिटारला जागा करायला.

परत येताना ऑटोत मला एक खटकलं होतं ते मी विचारलं. काकांच्या प्रत्येक पेटीला भिंतीच्या प्लगची सोय असते, हिला का नाही? ही नुसती बॅटरीवर. बॅटरी संपली की चार स्क्रू खोला, तेही ठरावीक क्रमानं, नाहीतर आतली तार तुटेल. एका हाताच्या माणसाला हा ताप कशाला? काकूंनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"प्लग लावला असता," काका म्हणाले, "तं तो मले फोन काहून करन?"

रोज तासभर वाजवलं तरी ती बॅटरी दोन-तीन महिने सहज चालते, असं काकांनीच मला सांगितलंय. बबनरावांना पुण्याला जाऊन नऊ रविवार झाले. दर रविवारी सकाळी न चुकता फोन येतो, पभ्या, बॅटरी संपली. काका खुर्ची ओढून नीट बसतात, आणि पहिला स्क्रू कोणता खोलायचा, तिथपासून सगळं सावकाश सांगायला लागतात.