धूसर मेहुणा

कुरुंदवाडच्या हौशी छायाचित्रण मंडळात एखाद्या फोटोवरची सूचना सर्वांनी मान्य केली, की ती फोटोत नव्हे, गावात अमलात येते.

आम्हाला त्याची सवय आहे. घाटावरच्या संध्याकाळच्या फोटोत विजेचा खांब मध्ये येतो, असं एकदा ठरलं. बैठक संपवून घाटावर गेलो तर खांब नव्हता. तारा होत्या तिथंच, हवेत. वीजवाले आले, मान वर करून बराच वेळ उभे राहिले, आणि पुरवठा चालू आहे म्हटल्यावर परत गेले. आणखी एका फोटोतल्या म्हशीनं चौकटीबाहेर न बघता आत बघायला हवं होतं, अशी सूचना मंजूर झाली. तेव्हापासून ती म्हैस आत बघते. दूध पूर्वीइतकंच देते.

बैठक रविवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरते. पडद्यावर फोटो लावायचा. आधी त्यात चांगलं काय ते सांगायचं, मग सूचना, तीही कुणाला न दुखावता. हा नियम मगदूम सरांचा. सर हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. आता मंडळाचे अध्यक्ष आहेत.

त्या रविवारी पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या भरतेश नरदेनं आपल्या बायकोचा फोटो आणला होता. राजमती वहिनी अंगणात लाल मिरच्या वाळत घालताहेत आणि मागं जिन्याच्या पायरीवर त्यांचा भाऊ धन्यकुमार दात घासत बसलाय, असा.

"रंग छान बोलतोय," मगदूम सर म्हणाले. "वहिनींच्या हाताची हालचालही नेमकी पकडलीय. फक्त एक. मागचा माणूस लक्ष खेचतो. पार्श्वभूमी धूसर हवी होती."

सगळ्यांना पटलं. भरतेशलाही पटलं. त्यानं मान हलवली आणि सूचना मंजूर झाली.

तो घरी पोचला तेव्हा राजमती वहिनी दारातच उभ्या होत्या.

"अवो, माझ्या भावाला काय करून आलासा?"

धन्यकुमार पायरीवर बसलेला होता. म्हणजे पायरीवर काहीतरी बसलेलं होतं. निळा शर्ट, वर गव्हाळ रंगाचा गोल, त्यावर काळसर डाग. कडा कुठंच नव्हत्या. अंगणातल्या मिरच्यांचे देठ मात्र एकेक करून ओळखू येत होते.

"मी काही केलं नाही," भरतेश म्हणाला. "सूचना आली."

"मग नको म्हणायचं की!"

"सूचना बरोबर होती गं."

"दाजी, दुखत काही नाही," पायरीवरून धन्यकुमारचा आवाज आला. आवाज स्पष्ट होता. "अक्का, तू उगं ओरडू नकोस."

धन्यकुमार आईवडील गेल्यापासून बहिणीकडेच राहायचा आणि दाजींच्या दुकानात मोटारींना तारा गुंडाळायचा. ते काम बोटांचं असल्यामुळे अडलं नाही. दाढी करणं अडलं, कारण गाल कुठं संपतो ते आरशात कळेना. न्हाव्यानं अंदाजानं केस कापले आणि कसे झालेत म्हणून त्यालाच विचारलं. रस्त्यात लोक नमस्कार करायचे, पण जरा बाजूला बघून.

एरवी हेही चाललं असतं. अडचण अशी, की हुपरीचे बाळगोंडा शेटे आपल्या मुलीला, अनुपमाला, घेऊन घर बघायला यायचे होते. धन्यकुमारची पस्तिशी उलटली होती आणि आजवर घर बघायला येतो म्हणालेलं हे पहिलंच स्थळ.

भरतेशनं मंडळाची तातडीची बैठक मागितली. राजमती वहिनीही आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

"मंजूर झालेली सूचना मागं घेता येत नाही," मगदूम सर म्हणाले. "नवा फोटो आणावा, त्यावर नवी सूचना यावी."

भरतेशनं सकाळीच काढलेला फोटो लावला. वहिनी स्पष्ट, धन्यकुमार धूसर.

"फोकस मागच्या व्यक्तीवर हवा होता," एक सभासद म्हणाला.

"म्हणजे मी धूसर होणार?" वहिनी उठून उभ्या राहिल्या. "पाहुणे आल्यावर पोह्यात मीठ किती पडलं ते मला दिसायचं कसं?"

हे सभासदांना पटलं. बराच विचार करून सर म्हणाले, "मग लेन्सचं भोक बारीक करावं लागेल. भोक बारीक केलं की पुढचं, मागचं सगळंच स्पष्ट येतं. मात्र उजेड कमी होतो."

"किती कमी?" वहिनींनी विचारलं.

"ते फोटोवर अवलंबून आहे."

वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. "होऊ दे," त्या म्हणाल्या. त्या सभासद नव्हत्या, पण आम्ही हात वर केले.

बाहेर संध्याकाळ झाल्यासारखं झालं. कोंबड्या खुराड्यात गेल्या. दुकानदारांनी भरदुपारी दिवे लावले आणि नगरपालिकेनं रस्त्यावरचे दिवसभर चालू ठेवायचं ठरवलं. त्या मंद उजेडात धन्यकुमार मात्र दाढीच्या खुंटांसकट स्पष्ट दिसत होता. वहिनींनी त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "वाळलायस रे."

दुसरी गोष्ट आमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. उजेड कमी झाला की कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात जो हलतो तो फोटोत फराटा होऊन उमटतो. गावातही तसंच होऊ लागलं. चालणारा माणूस पट्ट्यासारखा दिसायचा. सायकलस्वार तर नुसती रेघ. समोरच्याला दिसायचं असेल तर थांबून, स्थिर उभं राहावं लागे. बाजारात लोक भाव विचारून उत्तर येईपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहू लागले. भांडणं कमी झाली, कारण हातवारे केले की भांडणाराच दिसेनासा व्हायचा.

शेट्यांची गाडी गावात शिरली ती लांबलचक पांढऱ्या पट्ट्यासारखी. भरतेशनं त्यांना दारातच सगळं समजावून सांगितलं. बाळगोंडा शेटे चांदीच्या कारागिरीतले, नीट बघणारे गृहस्थ. ते म्हणाले, "आमच्याकडे असं नाही. पण गाव तुमचं, पद्धत तुमची." आणि ताठ बसले.

धन्यकुमार समोर येऊन बसला. त्याचे हात थरथरत होते, गुडघाही हलत होता. वहिनींच्या डोळ्यांदेखत तो पुन्हा धूसर व्हायला लागला.

"धन्या!" त्या कुजबुजल्या.

तो आणखीच थरथरला. आता खुर्चीत निळसर धुराखेरीज काही नव्हतं.

"जरा श्वास रोखून धरा," अनुपमा म्हणाली.

त्यानं धरला. हळूहळू नाक आलं, मग कान, मग घाबरलेले डोळे.

"आता दिसलात," ती म्हणाली. "सोडा श्वास. मी बोलते, तुम्ही ऐका, म्हणजे हलायचं कारण नाही. मला हे आधीच कळलं होतं, की तुम्ही काही दिवस धूसर होता. कसं वाटायचं?"

धन्यकुमारनं विचार केला. विचार करताना तो अगदी स्थिर होता.

"तसं नवीन काही नाही," तो म्हणाला. "घरात असून मागं कुठंतरी असल्यासारखं. आधीपण तसंच होतं. फक्त दिसत नव्हतं."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यांचा हात तेवढा पुसट झाला. भरतेश जमिनीकडे बघत राहिला. पोह्यांत मीठ बरोबर पडलं होतं.

"कळवतो," असं म्हणून शेटे गेले. बरेच दिवस त्यांच्याकडून काही आलं नाही.

भरतेशनं मधल्या काळात एक फोटो काढला. पायरीवर बसलेला धन्यकुमार, एकटा, मधोमध, कॅमेऱ्याकडे बघणारा. घरात इतके फोटो असून त्याचा असा हा पहिलाच. रविवारी तो पडद्यावर लावला तेव्हा धन्यकुमारही येऊन मागं बसला होता. भरतेशनं त्याला हाताला धरून पुढं आणून बसवलं.

"डोळे फार बोलके आलेत," मगदूम सर म्हणाले. "शर्टाचा निळाही सुरेख. फक्त एक. पायरीवर उजवीकडे जागा मोकळी वाटते. तिथं कुणीतरी हवं होतं."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं होतं. फक्त हात वर करायची खोटी होती. भरतेशचा हात अर्धा वर गेलाही.

धन्यकुमार उठला. भराभर उठल्यामुळे आधी फराटाच दिसला, मग तो स्थिर झाला.

"सर, सूचना बरोबर आहे. पण मला मान्य नाही."

"का बरं?"

"तिला विचारलेलं नाही. ती तिकडं काहीतरी करत असेल. चहा पीत असेल. तिला उचलून पायरीवर आणून बसवायचं म्हणजे…" त्याला शब्द सापडेना. "यायचं असेल तर ती बसनं येईल."

सर त्याच्याकडे बघत राहिले. मंडळात सूचना नाकारली जाण्याची ही पहिलीच वेळ होती आणि तशी वेळ आली तर काय करायचं हे कुठं ठरलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग जागा मोकळीच राहू दे. पुढचा फोटो."

बाजाराच्या दिवशी अनुपमा बसनं आली. बसथांब्यापासून नरद्यांच्या घरापर्यंत तिचा पिवळा पट्टा लांबत लांबत आला. घरात चहा टाकलेला होता. धन्यकुमार पायरीवर होता. तिला बघून त्यानं श्वास रोखून धरला.

"सोडा," ती म्हणाली, "मला दिसताय," आणि फोटोतली ती मोकळी जागा सोडून त्याच्या दुसऱ्या बाजूला बसली.

भरतेशनं तो फोटो काढून आणला तेव्हा तोल डावीकडे गेलाय, हे आम्हा सर्वांच्या लक्षात आलं. उजवी बाजू तर पूर्ण मोकळी. मगदूम सर बराच वेळ पडद्यासमोर स्थिर उभे होते.

"रंग छान आहेत," ते म्हणाले, आणि खाली बसले.