मीठ कमी कोणी केलं?

"यांच्या रक्तात मीठ कमी झालंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि खाटेभोवतीच्या सगळ्यांनी एकदम आजींकडे पाहिलं.

आजोबांना छातीच्या संसर्गामुळे दवाखान्यात ठेवलं होतं. ताप उतरला, पण बोलणं भरकटू लागलं, म्हणून रक्त तपासलं. आता, आजोबांच्या रक्तदाबापायी आजींनी घरातलं मीठ कित्येक वर्षं मुठीत आवळून धरलं होतं. दोष हा असा माल आहे की घरात आला की तो कोणाच्या तरी खात्यावर चढवल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही.

"मी सांगत होतो, आई, जरा चव येऊ दे म्हणून," मुलगा म्हणाला.

"तू सांगत होतास ते स्वतःच्या ताटापुरतं."

सुनेनं खाटेवरची चादर उगाच सारखी केली. ते आजींना जास्त ऐकू गेलं. या गडबडीत डॉक्टरीणबाईंचं पुढचं वाक्य, "पाणी मात्र अगदी बेतानं द्या," कोणाच्याच कानात शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजी सुपाचा थर्मास पिशवीत लपवून आल्या. त्यात मीठ सढळ हातानं पडलं होतं. आजोबांनी सूप संपवलं आणि साहजिकच पाणी मागितलं. आजींनी तेही प्रेमानं पाजलं. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्या डोळे पुसतच बाहेर आल्या.

"त्यांनी मला ओळखलं नाही गं," त्या सुनेला म्हणाल्या.

"कशावरून?"

"सुपाला छान म्हणाले."

सूनही गंभीर झाली.

"आणि म्हणाले, बाई, तुम्ही उगाच उभ्या का, बसा ना. तुमचे मालक नशीबवान आहेत." आजींनी रिकामा थर्मास पिशवीत कोंबला. "आता हा माणूस काही परत येत नाही."

रक्ताचा नवा अहवाल आला. मीठ आणखी उतरलं होतं. डॉक्टरीणबाईंची नजर पिशवीवर गेली आणि थर्मास बाहेर निघाला.

"आजी, मीठ गेलंय कुठे? पाणी वाढलंय. छाती आजारी पडली की कधीकधी मेंदूतून एक संप्रेरक गरज नसताना सुटत राहतं. ते मूत्रपिंडांना हुकूम देतं, पाणी बाहेर सोडू नका. मूत्रपिंडं बिचारी आज्ञाधारक. पाणी अडवून ठेवतात आणि आहे ते मीठ पातळ होतं. मेंदूलाही सूज येते, म्हणून हे असं बोलणं."

"म्हणजे रस्सा पातळ झाला, आणि मी मीठ घालत बसले."

"वर पाणीही."

"मग माझा हात आखडता होता, म्हणून झालं नाही ना हे?"

"मुळीच नाही."

"जरा मोठ्यानं सांगा. याला ऐकू आलं नसेल."

मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. चुकीच्या हुकमावर इमानानं राबणारी त्या खोलीत मूत्रपिंडं एकटीच नव्हती.

पाण्याचा जग सुनेच्या ताब्यात गेला. तिनं तो असा सांभाळला की आजोबांनी तिला तुरुंगाधिकारी ठरवलं, तेही अत्यंत अदबीनं. छाती निवळत गेली, हुकूम मागे घेतला गेला, मूत्रपिंडं मोकळेपणानं कामाला लागली. आणि एका सकाळी आजोबांनी डोळे उघडून आजींकडे नीट निरखून पाहिलं.

"अशी काय बघतेस? चष्मा कुठे ठेवलास माझा? एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ."

"ओळखलं," मुलगा पुटपुटला. आजींनी उशीखालचा चष्मा काढून दिला. त्यांचे डोळे भरून आले होते. चष्म्याच्या काचा नीट पुसलेल्या नाहीत, हेही आजोबांनी लगेच ऐकवलं. मग दवाखान्याची गादी, मुलाचे केस आणि आजींची हळू चाल, यांचा क्रमानं समाचार घेतला.

डॉक्टरीणबाई तपासून निघाल्या, तशा आजी त्यांच्यामागे दारापर्यंत गेल्या.

"डॉक्टर, आता यांना एखादा पेला पाणी जास्त दिलं तर चालेल?"

"का, फार तहान लागतेय का त्यांना?"

"त्यांना नाही हो," आजी आवाज खाली आणत म्हणाल्या. "परवा फार चांगलं बोलत होते."