पाव संपला, रस्सा उरला

"आज रसायनशास्त्राचं एक अक्षर काढायचं नाही. आणि ताटात काही टाकायचंही नाही," मिसळीच्या हॉटेलात शिरता शिरता उज्वलाबाईंनी मुलाला बजावलं.

रविराज नाशकात कॉलेजात शिकवायचा, आणि मुलगी बघायला गेला की तिथेही शिकवायचा. आधीची दोन स्थळं त्यानं अणूचा इतिहास सांगून घालवली होती. सायखेड्याची सृष्टी मात्र त्याला फोटोतच फार आवडली होती. त्यामुळे आज ती वडिलांबरोबर समोर बसलेली असताना तो तोंडाला कुलूप लावून बसला.

पण कुलूप लावलं तरी खावं लागतंच. पाव संपला, रस्सा उरला. टाकायचं नाही, म्हणून त्यानं पाव मागवला. मग रस्सा संपला आणि पाव उरला. वाढपी सढळ हाताचा. त्यानं वाटी काठोकाठ भरली. पुन्हा पाव आला.

"पोरगं खाणारं हाय," सृष्टीचे वडील बहिरूतात्या खूश होऊन म्हणाले. "आन रं अजून पाव."

रविराजच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"एवढी आवडली मिसळ?" सृष्टीनं विचारलं.

"दोन्ही एकदम संपतच नाहीयेत हो," बिचाऱ्याचा बांध फुटला. "पाणी बघा. आठ ग्रॅम ऑक्सिजनला एकच ग्रॅम हायड्रोजन लागतो. जास्त घातला तर उरतो. निसर्ग काही वर पाव मागवत नाही."

उज्वलाबाईंनी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. तो नेमका तात्यांचा निघाला.

"समजलं, विहीणबाई," लग्न ठरायच्या आधीच तात्या म्हणाले. "पोरांना बोलू द्या. चला, आपण हात धुऊ."

"आमच्या सायखेड्याच्या पाण्यातही तेच प्रमाण?" सृष्टीनं विचारलं.

"कुठलंही घ्या. एकास आठ."

"आणि जे उरतं त्याचं काय?"

"जोडीदार मिळेपर्यंत बसून राहतं," रविराज म्हणाला आणि जीभ चावली. गेलं, हेही स्थळ गेलं. तो अगदी रडकुंडीला आला.

सृष्टीच्या ताटात अर्धा पाव उरला होता. तिनं तो त्याच्या वाटीत बुडवला, सगळा रस्सा टिपला आणि शांतपणे खाल्ला.

बेसिनपाशी तात्या ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. "उष्टं खाल्लं तिनं. घरी बापाच्या ताटातलं घेत नाय ही."

"मग आता विचारायचं काय राहिलंय," उज्वलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात तिकडे टेबलापाशी वाढपी बादली घेऊन आला. "रस्सा देऊ?"

रविराज आणि सृष्टी, दोघांनी एकदमच वाटीवर हात ठेवला.