माशाच्या मरणाचा दाखला

सन १९३६ च्या उन्हाळ्यात सदलग्याच्या जिनाप्पाअण्णांच्या नातीला मुडदूस झाला. पोरगी चार वर्षांची, पण उभी राहिली की दोन्ही पाय कमानीसारखे बाहेर वाकत. बेळगावचे डॉक्टर म्हणाले, "रोज सकाळी उन्हात खेळू द्या आणि हे तेल चमचाभर पाजा. सहा-आठ महिन्यांत फरक पडेल. उशीर केलात तर हाडं तशीच धरतील." अण्णांनी खडेबाजारातून बाटली घेतली आणि परतीच्या वाटेवर चष्मा लावून पाहिली. बाटलीवर माशाचं चित्र होतं.

आम्ही जैन. मुंगीवर पाय पडला तरी आमचा जीव हळहळतो. अण्णांनी बाटली फेकून दिली असती तर कुणी नावं ठेवली नसती आणि गुपचूप पाजली असती तर कुणाला कळलं नसतं. पण अण्णा पडले समाजाचे पंच. त्यांनी सभा बोलावली आणि सभेनं समिती नेमली. अध्यक्ष अण्णा, सभासद तंबाखूचे व्यापारी आप्पाण्णा आणि चिटणीस मी, शाळामास्तर.

पहिल्याच बैठकीत आप्पाण्णांनी मुद्दा काढला. "मासा मारला असंल तर पाप. पण वय होऊन आपल्या मरणानं मेला असंल तर?"

"व्हय की," अण्णा म्हणाले. "मग कुणाला पाप लागायचं?"

शास्त्रात मेलेलंही चालत नाही, हे मला ठाऊक होतं. पण चिटणिसानं मत द्यायचं नसतं. सदर मासा नैसर्गिक मरणानं वारल्याचा दाखला मिळावा, असा अर्ज मी सरकारात केला. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मयताचं पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव व तालुका कळवावा आणि सोबत पोलीस पाटलाचा पंचनामा जोडावा. गाव या रकान्यात आम्ही 'समुद्र' लिहिलं. आणखी चार महिन्यांनी कळवण्यात आलं की, सदर नावाचा गाव या जिल्ह्यात आढळून येत नाही.

दरम्यान अण्णांची सून राजमती म्हणाली, "मामंजी, तेलाचं र्‍हाऊ दे. पोरीला उन्हात तरी बसवू काय?"

"बसवलीस तर गाव पाय बघंल," अण्णा म्हणाले. "औषध काय देता म्हणून इचारंल. काय सांगायचं? निकाल लागंपतोर आतच ठेव." पोरगी माजघरात राहिली. तिथं दुपारीही दिवा लागे.

बाटली पुराव्यादाखल माझ्या कपाटात होती. आप्पाण्णांना शंका आली की, तेलाचा गुणच नसला तर फुकटचं पाप कशाला घ्यायचं? तेव्हा आधी गुणदोष तपासावेत, असं ठरलं. तपासणीसाठी पोटात गेलेला जिन्नस आहारात धरू नये, असा ठराव झाला आणि दर बैठकीला आम्ही तिघं एकेक चमचा घेऊ लागलो. नाक दाबून, धर्मासाठी.

गुण आले, नाकारून चालणार नाही. अण्णांचे गुडघे दुखायचे थांबले. मला संध्याकाळी नीट दिसू लागलं. दोषही नोंदवले. एका चमच्यानं बरं वाटतं तर चार घेऊ, असा विचार करून आप्पाण्णांनी तीन दिवस तांब्या खाली ठेवला नाही. शिवाय ढेकर. बसदीत पूजेला बसलो की शेजारचा माणूस सरकून बसे. सभासदांनी बसदीत ढेकर देऊ नये, असा दुसरा ठराव झाला. तपासणी अपुरी वाटल्यानं आणखी चार बाटल्या मागवल्या.

एकदा अण्णांच्या घरी बैठक चालू असताना राजमती माजघराच्या दारात आली. पोरगी कडेवर होती. पाच वर्षांची झाली तरी कडेवर.

"मास्तर, तुम्ही तिघं पिताय ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "एक चमचा हिला द्या. पाप माझ्या नावावर लिवा. नरकात मी जाईन."

खरं सांगतो, माझी मान खाली गेली. आप्पाण्णा म्हणाले, "मागणं लेखी पायजे, आक्का." मी कागद आणि टाक तिच्यापुढं सरकवला. तिला लिहिता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. ती कागदाकडं बघत उभी राहिली आणि मग आत गेली.

दोन वर्षांनी अहवाल पुरा झाला. तेल गुणकारी आहे. प्रायश्चित्त घेऊन द्यावयास हरकत नाही. सह्या झाल्या, पेढे वाटले, आणि अण्णा नवी बाटली घेऊन सुनेसह नातीला बेळगावला घेऊन गेले. मीही गेलतो. डॉक्टरांनी पोरीचे पाय दाबून पाहिले.

"हाडं धरली," ते म्हणाले. "आता तेलानं पाय सरळ व्हायचे नाहीत."

राजमती रडली नाही. तिनं पोरीला खाली ठेवलं आणि तिचं बोट धरून, डुलत डुलत चालणाऱ्या त्या पोरीच्या चालीनं, रस्त्यावरच्या उन्हात चालू लागली. अण्णा मला म्हणाले, "निकाल तर बरोबरच लागला न्हवं, मास्तर?" मी व्हय म्हणालो.

अहवाल बत्तीस पानांचा आहे. माशाचं वय, गाव, मरण, सगळ्याचा ऊहापोह त्यात आहे. पोरीचं नाव कुठंच नाही. तुम्हाला आमचं हसू आलं असेल, तर खुशाल हसा. पण इथवर वाचताना तुम्ही तरी ते कुठं विचारलंत? आप्पाण्णा परवा वारले. समितीत एक जागा रिकामी आहे, आणि तुम्ही तिथं शोभाल.