काचेवरची टकटक

आमचे घरमालक दत्तूनाना भिंतीवरच्या फोटोकडे कधी एकदम बघत नसत. आधी बोटाच्या पेराने काचेवर टकटक करायची, कान जरा पुढे न्यायचा आणि विचारायचं, "हाय का कोण?" मग थोडं थांबायचं, आणि आतून कुणी 'या' म्हटल्यासारखी मान हलवून मगच डोळे काचेला लावायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते खोल्या भाड्याने घ्यायला आलो तेव्हा. भिंतीत आधीच एखादा भाडेकरू राहतोय असं वाटून मी मुकाट्याने पायात चपला सरकवायला लागलो होतो.

"बसा की, पावणं," नाना म्हणाले. "कुणाच्या घरात न इचारता शिरायचं नसतंय. आत मान्सं ऱ्हात्यात."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या घरात माडीवर आम्ही नवराबायको आणि खाली नाना एकटे. जकात नाक्यावर त्यांनी सारी नोकरी काढली. येणाऱ्या प्रत्येक गाडीला "कुठनं आलायसा? आत काय हाय?" असं विचारण्यात जन्म गेलेला. पेन्शन सुरू झाल्यावर गाड्या थांबल्या, प्रश्न थांबेनात. म्हणून ते आता फोटोंना विचारत असावेत, असा माझा एक तर्क होता. माझे तर्क माझ्या बायकोला फार आवडत. पाहुणे आले की ती मला ते सांगायला लावी आणि मग सगळे मिळून हसत.

नानांच्या खोलीत भिंत म्हणून दिसतच नसे. जुना भवानी मंडप, अंबारीचे हत्ती, तालमीतले पैलवान, कुणाच्या तरी मुंजीतली उन्हाने डोळे बारीक झालेली पन्नास माणसं. एका इंग्रजी पुस्तकातून निखळलेलं पन्हाळ्याचं छापचित्रही होतं. कुणा गोऱ्या कारागिराने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं, बहुधा पन्हाळा न बघताच. कारण तटाबाहेर त्याने चांगले उंच नारळ उभे केले होते.

"नाना, पन्हाळ्यावर नारळ?" मी विद्वत्तेने हसलो.

"सायबानं लावल्यात, त्याला आपुन काय करणार?" नाना म्हणाले. "पर सावली पडलीया की न्हाय? उन्हाळ्यात मी तितंच बसतोय."

आणि खरंच बसत. दुपारी चित्रासमोर आरामखुर्ची टाकून डोळे मिटत आणि सूर्य उतरला की खुर्ची दोन बोटं सरकवत. नारळाची सावली सरकली म्हणून.

एका सकाळी भेटले तर म्हणाले, "काल रंकाळ्यावर गेलतो. वारं काय सुटलतं, म्हंता! टोपी धरून बसावं लागलं."

"काल? अहो, काल दिवसभर तुमचा खोकला खालून ऐकू येत होता."

"मग? वाऱ्यानंच झाला न्हवं खोकला!"

त्यांनी भिंतीवरच्या रंकाळ्याकडे हनुवटी उडवली. पिवळट पडलेलं पाणी, पलीकडच्या काठावर धुक्याची रेघ, एक रिकामी नाव. मी बघत राहिलो. खिडकी बंद होती, पण माझ्या सदऱ्याची कॉलर गार झाली. हे मी बायकोला सांगितलं नाही. तर्क वेगळे आणि कॉलर वेगळी.

त्याच सुमारास मी पेटीकॅमेरा घेतला. मेहुणीच्या लग्नात काढलेल्या माझ्या फोटोंत मांडव आला, आचारी आले, केळीचे खांब आले. नवरानवरी गळ्यापर्यंतच आली. नानांनी ते फोटो टकटक न करताच बाजूला ठेवले. "डोस्की न्हाईत तर 'हाय का' म्हनून कुणाला इचारू?"

पण या सगळ्या फोटोंमागे नानांचा एकच शोध होता, आणि तो सगळ्या पेठेला ठाऊक होता. ते तरुण असताना कोणी फिरता फोटोवाला रंकाळ्याच्या पायऱ्यांवर तिवई लावून, डोक्यावर काळं कापड घेऊन फोटो काढून गेला. कुठला, कुठं गेला, पत्ता नाही. त्या फोटोत नानांची बायको होती. लग्न होऊन वर्ष होतं न होतं तोच ती गाठीच्या तापात गेली. तिचा दुसरा फोटो नाही. नानांनी दुसरं लग्नही केलं नाही. कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी त्यांची नजर भिंतीवर जाई. जुन्या बाजारात तर त्यांना येताना बघूनच रद्दीवाले ओरडत, "न्हाय आला, नाना!"

"पण ओळखायचा कसा तो फोटो?" मी एकदा विचारलं.

"पायऱ्यांवर बाया बसल्याल्या. मागं टांगा. फोटो काढताना घोडं मान हालवत हुतं, मी बघितलंय. म्हंजे त्येला दोन तोंडं आली असनार."

आणि दोन तोंडांचा घोडा मला भेटला! मुरगूडला एका स्नेह्यांच्या घरी बारशाला गेलो होतो. माजघरात, खुंटीवरच्या पंचांगामागे, तुटक्या फ्रेमीत. पायऱ्या, बाया, टांगा, आणि घोड्याच्या एका मानेवर दोन धुरकट तोंडं. मी इतक्या जोरात ओरडलो की बाळ रडायला लागलं. यजमानांनी फोटो आनंदाने देऊन टाकला. मला लवकर घालवायचं असावं.

आता शहाण्या माणसाने तो तसाच नेऊन दिला असता. मला नानांना चकित करायचं होतं. मी पापाच्या तिकटीजवळच्या हुसेनभाई फ्रेमवाल्यांकडे गेलो. त्यांच्याकडे एक सुरेख शिसवी फ्रेम तयार होती, पण फोटो दोन बोटं जास्त रुंद.

"उजव्या कडंला डागच हाय की," हुसेनभाई म्हणाले. "कापू काय?"

खरंच तिथे नुसता पांढुरका डाग होता. "कापा की!" मी म्हणालो. मग आम्ही दोघांनी मिळून मधोमध बसलेली, ठसठशीत नथीची बाई नानांची बायको म्हणून पसंतही करून टाकली.

नानांनी फ्रेम मांडीवर घेतली. बोट काचेपर्यंत गेलं, पण टकटक होईना. शेवटी झाली. "हाय का कोण?" मग भिंग घेऊन ते डावीकडून निघाले. घोड्यापाशी हसले. नथवालीवरून भिंग न थांबता पुढे गेलं. भिंग उजव्या कडेला पोचलं, लाकडावर चढलं. नानांनी फ्रेम उलटी करून पाठही बघितली.

"म्होरं कुठं हाय?"

"पुढे... डाग होता, नाना."

नानांनी टोपी घातली आणि तसेच अनवाणी निघाले. मागोमाग मी, हातात त्यांच्या चपला घेऊन. माझ्या कॅमेऱ्याने आजवर इतकी डोकी उडवली, पण अख्खं माणूस उडवायला मी स्वतःच लागलो.

हुसेनभाईंना आधी आठवेना. मग त्यांची नजर काच कापायच्या टेबलाकडे गेली. टेबलाचा एक पाय डुगडुगायचा, त्याखाली ती पट्टी घडी घालून सरकवलेली. त्यांनी टेबल उचललं, नानांनी पट्टी ओढली, फुंकर मारली, उलगडली. घडीची रेघ डागाच्या जरा खालून गेली होती.

"नाना, ह्यात तर कोनच न्हाय," हुसेनभाई हळूच म्हणाले.

"हाय की. हाललीया नुसती."

मग काच कापायच्या त्या टेबलाशी बसूनच नानांनी सांगितलं. "घरात वडीलमान्सं. दिवसा तिच्यासंगं बोलायची सोय न्हवती, नावानं हाक मारायचं तर सोडाच. फोटोवाला म्हनला, कुनी हालू नका. ही बसल्याली पार कडंला. मला वाटलं, ऱ्हाती आता भाईर. आत सरक म्हनायला मी मागनं हाक मारली. गंगू! पयलीच हाक, चारचौघांत. वळनार न्हाय तर काय करंल?"

हुसेनभाईंनी शिसवीच्या तुकड्यांची दोन बोटं रुंदीची फ्रेम करून दिली. एवढी अरुंद फ्रेम कोल्हापुरात दुसरी नसेल. मी पट्टी मूळ फोटोला जोडून आणायचं म्हटलं. नाना म्हणाले, "नगं. तुमच्या हातात कात्री न्हाय तेच बरं."

ती फ्रेम त्यांनी खुर्चीजवळ, खिडकीच्या उजेडात लावली. संध्याकाळी मी जिन्यावरून बघत होतो. पाण्यावर उतरावं तसं पिवळं ऊन काचेवर उतरलं होतं आणि त्यात तो पांढुरका डाग आता वळेल, मग वळेल असा वाटत होता. नाना समोर बसले. काचेपाशी डोळे नेले. टकटक केली नाही.

"नाना, वाजवायचं राहिलं," मी वरून म्हणालो.

"आपल्याच घरात शिरताना कोन कडी वाजवतंय, पावणं?"

मी दोन पायऱ्या चढलो असेन, तेव्हा ते मागून बोलले. मला की स्वतःशी, कोण जाणे.

"हाक बी मारत न्हाय आता. परत हालली म्हंजे?"