दोन मायनर घेतले त्याची हकीकत

सत्य तेंच लिहावें, पदरचें घालूं नये, ऐसा मनसुबा करून हा मजकूर मांडिला असे.

वरवट बकाल मुक्कामीं मिरचीचे बागाईतदार राजश्री भगवंतराव यांची कन्या प्राचीबाई, हिणें बारावीचा गड सर केला आणि तालुक्याचे महाविद्यालयांत तळ दिधला. प्रधान विषय वनस्पतिशास्त्र मुकरर जाहला. परंतु नव्या धोरणाचा हुकूम आला जे, संगें मायनर नामें उपविषय घ्यावा, आणि उमेद असेल त्याणें दोन घ्यावे. तेथून बखेडा माजला.

प्राचीबाईचे दिलांत संगीत होतें. परंतु घरीं अर्थशास्त्राची वाखाणणी जाहली होती, तें न घेतां तीर्थरूपांची खप्पामर्जी होईल ऐसा अंदेशा पडला. मग आपलेशींच खलबत करून दोन्ही घेतले, आणि वडिलांचा मान राखिला, गाणेंही राखिलें, ऐशा दिमाखानें परतली.

पुढें वेळापत्रक जाहीर जाहलें. पाहतां दोन्ही मायनर बुधवारीं बारा वाजतां, एक पूर्वेचे इमारतींत, दुसरा पश्चिमेचे. प्राचीबाईनें दोन बुधवार शर्थ केली. अर्धा तास मागणी-पुरवठा ऐकावा आणि मग दप्तर काखेंत मारून हार्मोनियमकडे दौड करावी, आणि दोहीं दरबारीं बोलणीं खावीं. तिसरे बुधवारीं निम्म्या जिन्यांतच थांबली. तेथेंच बसली आणि रडली.

मग उठून कचेरी गांठिली, तों कारकून प्रेमानंद यांणीं फर्माविलें कीं, एक मायनर रद्द करणें तरी आज पांचाचे आंत पालकाची सही आणणें, उपरांत उजूर चालणार नाही. सबब तीर्थरूपांस फोन गेला. मिरचीची तोडणी ऐन रंगांत, ती तैसीच टाकून भगवंतराव फटफटीवर स्वार जाहले आणि पावणेपांचास खिडकीपाशीं दाखल जाहले.

पुसिलें, "रडून काऊन राह्यली वं?"

"बाबा, दोन झेपत नाहीत. संगीत सोडा लागते."

"मंग अर्थशास्त्र सोड ना!"

"ते तं तुमाले पाह्यजे व्हतं."

"मले?" भगवंतराव चकित जाहले. "मले वाटलं, तुह्या मायले पाह्यजे."

तेव्हां मातोश्री सत्यभामाबाईंस फोन लाविला आणि आवाज खुला ठेविला. बाईंचा जबाब आला, "मले काय करायचं त्याचं? तुमीच जेवता जेवता गुन गाऊन राह्यले व्हते!"

"गुन कायचे! शेजारच्या जानरावची पोरगी ते घेऊन राह्यली, एवढंच म्हटलं म्या."

प्रेमानंदांची लेखणी हवेंतच राहिली. म्हणाले, "म्हंजे ते कोनालेच नको व्हतं?"

मग प्राचीबाईस हसूं फुटलें, आणि भगवंतरावांस फुटलें, आणि फोनांतूनही ऐकूं आलें. पांचास चार मिनिटें कमी असतां सही जाहली, शिक्का बसला.

परततांना भगवंतरावांणीं आज्ञा केली कीं, शिकलीस तें म्हणून दाखवणें. दोन बुधवारांत एक 'सा' मात्र हातीं लागला होता. तो प्राचीबाईनें फटफटीच्या आवाजावर लाविला, आणि भगवंतरावांणीं भलत्याच पट्टींत साथ दिली, आणि वरवटची वेस येईतों दोघांपैकीं कोणी माघार घेतली नाही.

अर्थशास्त्र रद्द, संगीत कायम. बुधवारीं सूर्यास्तापूर्वीं फत्ते जाहली, ऐसें नमूद केलें असे.