सोहोनीकाका आणि टीव्हीवरच्या पोरसवदा आया

टीव्हीवर कुणी एकटं बसून रडायला लागलं, की आमच्या शेजारचे सोहोनीकाका सोफ्यावर पुढे सरकतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "एकटी आहे ना ही? मग कॅमेरा कोण धरतंय?"

हा प्रश्न त्यांनी बातम्यांना विचारलाय, स्वयंपाकाच्या स्पर्धांना विचारलाय, आणि जंगलात एकट्याने तगून दाखवणाऱ्या गोऱ्या साहेबाला तर दर आठवड्याला विचारलाय. एकदा माझ्या बायकोने, वैशालीने, भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ त्यांना कौतुकाने दाखवला. मातृभोजनाला बटूच्या आईचे डोळे भरून आले, तसे आमचेही भरून आले. काका म्हणाले, "दुसरा टेक आहे. मघाशी पानात दोन जिलब्या होत्या, आता एकच आहे." वैशाली त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याकडे विरजण मागायला गेली नाही.

काकांना हा अधिकार होता. पुण्यात त्यांनी उभा जन्म लग्नांचं शूटिंग करण्यात घालवला. आधी फोटो, मग व्हिडिओ. नवरदेवाला कमळातून उगवायला लावणारे, नवरीला बदामात बसवून स्वित्झर्लंडवरून फिरवणारे जे कलावंत एका काळी होऊन गेले, त्यांतले ते एक. "पाठवणीचं रडं मी तीन-तीनदा घेतलंय," ते सांगत. "पहिलं खरं असतं, पण त्यात नेमका मामा आडवा येतो."

काकू वारल्या आणि मुलाने त्यांना सिंगापूरला आणलं. तिथल्या बिशान भागात आमच्या दाराला दार लागून त्यांचा फ्लॅट. मुलगा आणि सून मंजिरी सकाळी लिफ्टमध्ये शिरत ते अंधार पडल्यावर बाहेर येत. पंधरा वर्षांची नात, इरा, शाळेतून आली की खोलीत जाऊन दार लावून घेई. दिवसभर त्या घरात काकांशी बोलायला राइस कुकर तेवढा होता, आणि तोही भात झाल्यावर एकदाच.

तर अशा माणसाच्या तावडीत तो कार्यक्रम सापडला.

कार्यक्रमाचं नाव सांगत नाही, उगाच त्यांचा प्रेक्षक वाढायचा. अमेरिकेतल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरींना दिवस जातात आणि एक कंपनी कॅमेरे घेऊन त्यांच्या घरी मुक्कामाला जाते, एवढीच कल्पना. 'बघा, असं करू नका' हा बोध करायचा, म्हणून ते असं कसं करतात ते दर भागात अगदी जवळून दाखवत. पोरगी बाळंतपणाच्या कळा देतानाही पापण्यांना रंग लावून असे. बाळ जाहिरातींच्या आधी बरोब्बर रडे आणि जाहिराती संपल्या की झोपे. दुपटी कोण धुतं, दूध कोण ऊन करतं, हे कधी दिसत नसे. तीच पोरगी दुसऱ्या हंगामात नवे दात बसवून यायची आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकायची. दारूचे दुष्परिणाम दाखवायला गुत्त्याचं उद्घाटन करावं, तसलं हे समाजप्रबोधन.

आमच्या घरी केबल नव्हती. बाहेर आम्ही याला संस्कार म्हणत असू. खरं कारण असं, की जोडणारा माणूस आला तेव्हा मी गाढ झोपलो होतो, आणि तो बेल वाजवून निघून गेला. त्यामुळे आमची मुक्ता, जी इराच्याच वर्गात होती, रोज सात वाजता शेजारी संस्कार बुडवायला जायची.

मी एकदा तिला बोलवायला गेलो आणि मीही बसलो. काका मध्ये, दोन्ही बाजूंना दोन मुली, समोर पडद्यावर एका ओसरीत कार्यक्रमातल्या पोरीचा बॉयफ्रेंड. त्याला काकांनी 'टोपीवाला' असं नाव ठेवलं होतं.

"आला का टोपीवाला डायपर घेऊन?" काका म्हणाले.

"नो lah, आजोबा. ही ऑल्वेज फरगेट्स," इरा म्हणाली. मराठी बोलताना ती सगळ्या पुरुषांना 'ही'च म्हणे, आणि वाक्याला 'lah', 'lor', 'आह' अशी सिंगापुरी शेपटी लावी.

"विसरला नाही. विसरायला सांगितलंय त्याला. बघ, दारात शिरताना टोपी उलटी होती, आत आल्यावर सुलटी. मध्ये जेवून आलेत सगळे. भांडण जेवणानंतरचं आहे."

"सो फेक," मुक्ता म्हणाली.

"भांडण खोटं नाही गं. वेळ खोटी आहे. आणि ती बाई, ती आई, तिच्या ब्लाउजात माइक आहे. म्हणून ती मिठी मारत नाही पोरीला. खरखर येते."

दोघी इतक्या हसल्या की सोफा हलला. काकांच्या तोंडावर मात्र तुच्छतेशिवाय काही नव्हतं. "काय दर्जा आहे," म्हणून ते सरबताचा घोट घ्यायचे आणि पुढच्या प्रसंगावर तुटून पडायचे.

आमच्यावर वीज कोसळली ती जेवणाच्या टेबलावर. आमटी वाढून घेता घेता मुक्ताने सहज विचारलं, "आई, बेबीला सॉलिड्स कधीपासून देतात?"

वैशालीच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. मी फार सावध आवाजात म्हणालो, "कुणाच्या बेबीला?"

"एनी बेबी."

"का विचारतेस?"

"टीव्हीवर तिची मॉम तिला ओरडली, फोर मंथ्सला केळं दिलं म्हणून. पण पपा, अ‍ॅट लीस्ट एव्हरीबडी लिसन्स टू हर, ना? ती रडली की सगळे येऊन बसतात."

हे वाक्य मी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण मी बाप होतो, आणि बापाला अशा वेळी ऐकू कमी येतं. मला फक्त 'बेबी' ऐकू आलं. वैशालीने त्याच रात्री सहा-सात आयांना फोन केले. शनिवारी आमच्या हॉलमध्ये पोहे, चहा आणि 'आपली मुलं काय बघतात' अशी सभा ठरली. स्लाइड्स करायचं काम माझ्याकडे आलं, कारण ऑफिसात मी तेवढंच करतो. मी एक उत्तम बाण काढला. तो टीव्हीतून निघून मुलीच्या डोक्यातून जात थेट 'भविष्य' नावाच्या चौकटीत घुसत होता. चौकट मी लाल केली होती. एका आईने पाहून डोळे पुसले, इतका तो बाण परिणामकारक होता.

मंजिरीचं म्हणणं पडलं की सभेत बाबांनी, म्हणजे सोहोनीकाकांनी, बोलावं. त्या कार्यक्रमाची एवढी लाज काढणारा माणूस सबंध बेटावर नव्हता. शेवटी ठराव असा करायचा, की ज्यांच्याकडे केबल आहे त्यांनी ते चॅनेल काढून टाकायचं. मंजिरी पहिली काढणार होती.

काकांनी भाषण केलं. मोजून चार वाक्यं, पण काय धारदार. "कार्यक्रम भिकार आहे. करणारे चोर आहेत. बघणारे आपण मूर्ख आहोत." आयांनी माना डोलावल्या. "पण चॅनेल बंद करू नका," असं म्हणून ते खाली बसले आणि पोहे खाऊ लागले.

"असं कसं, बाबा?" मंजिरी म्हणाली. "तुम्हीच रोज शिव्या घालता."

"शिव्या घालायला काहीतरी लागतं की नाही?"

सगळे हसले. ठराव पास झाला.

सभा पांगल्यावर मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. दाराला दार, तरी सोडायला गेलो, पुण्याची सवय. काका किल्ली कुलपात घालून तसेच उभे राहिले.

"मंगेश, तू मंजिरीला सांग जरा. तुझं ऐकेल ती."

"काका, अहो, पंधरा वर्षांच्या पोरी आहेत. त्यांच्यावर परिणाम होतो."

"होत असेल. तुझा तो बाण बघितला मी." ते किल्लीशी चाळा करत राहिले. "सातला ती बाहेर येऊन बसते, रे. माझ्या शेजारी. बाकी सबंध दिवसात मला तिचं दार दिसतं. मी काही बोलायला गेलो तर कानातलं एक बोंडुक काढते, 'व्हॉट, आजोबा' म्हणते, आणि परत घालते. तिथे बसलो की हसते. मी टोपीवाल्याला शिव्या घातल्या की हसते. आता नुसता टोपीवालाच नेलात तर मी बोलू कशावर?"

मी मंजिरीला सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. माझ्या मागे वैशाली होती, वैशालीच्या मागे सहा-सात आया होत्या, आणि समोर माझाच बाण होता.

सोमवारी चॅनेल गेलं. सातच्या सुमारास मुक्ता सवयीने शेजारी निघाली, तर वैशालीने मलाही पाठवलं. काका दुखावले असतील, बघून या, म्हणाली. हातात गूळपोळ्यांचा डबा दिला. आमच्या घरात क्षमायाचना नेहमी डब्यातूनच होते.

काका सोफ्यावर त्यांच्या जागी बसले होते. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. टीव्ही काळा. मुक्ता एका बाजूला बसली, मी खुर्चीत. काका इराच्या दाराकडे बघत होते आणि बघत नाही असं दाखवत होते. आयुष्यभर दुसऱ्यांकडून अभिनय करून घेतलेला माणूस, पण स्वतःला काही जमत नव्हतं.

दार उघडलं. इरा बाहेर आली, काळा पडदा बघितला.

"नो शो आह?"

"नाही. काढलं तुझ्या आईने."

"ओके lor." खांदे उडवून ती वळली.

काका घाईने म्हणाले, "तुझी आजी सतराची होती. तुझा बाबा झाला तेव्हा."

इरा दारातच थांबली. "सेव्हन्टीन? सीरियस आह?"

"सतरा पुरी व्हायची होती. मी चोवीसचा."

ती आली आणि बसली. काकांचा चेहरा असा काही फुलला, की मला गूळपोळीचा डबा खाली ठेवायचं भान राहिलं नाही. प्रेक्षक परत आला होता.

"फोटो दाखव," इरा म्हणाली. "आजी विथ टमी."

"फोटो नाही."

"बट यू आर फोटोग्राफर."

"सीझन होता," काका म्हणाले. "लग्नसराई. ऑर्डरी होत्या."

"हॉस्पिटलात कोण होतं मग? तिच्याबरोबर?"

"तिची बहीण. शालू. मी नाशिकला होतो. तार आली, पण मंगलाष्टकं व्हायची होती."

 मग मुक्ताने, जिच्या डोक्यातून सभेतला बाण आरपार जायला हवा होता त्या माझ्या मुक्ताने, विचारलं, "काकाआजोबा, आजींना डोहाळे कसले लागले होते? माझ्या आईला बर्फ खावासा वाटायचा. माझ्या वेळी."

मला हे माहीत होतं. मध्यरात्री बर्फ फोडून मीच दिला होता. तेवढं एक काम मी जागेपणी केलंय.

 काका कपाळावरचा चष्मा खाली घेऊन पुसायला लागले. "माहीत नाही," ते म्हणाले.

"हाऊ कॅन यू नॉट नो?" इराच्या आवाजात भांडण नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं.

"विचारलं नाही मी."

हा टीव्हीवरचा कार्यक्रम असता तर इथे जाहिरात लागली असती आणि सगळ्यांची सुटका झाली असती. इराने काकांचा फोन उचलला. "कॉल हर. शालूआजीला कॉल कर. तिला माहीत असेल."

पुण्यात संध्याकाळचा चहा चालला असावा. फोन स्पीकरवर होता, मागे कपबश्यांचा आवाज येत होता.

"भावजी? आज कसा काय फोन? सगळं ठीक ना?"

"ठीक, ठीक. शालू, एक विचारायचं होतं. आमची इरा विचारतेय. हिच्या बाबाच्या वेळी, हिच्या आजीला डोहाळे कसले होते गं?"

पलीकडे कपबशी खाली ठेवली गेली. मग शालूताई हसल्या. "हे आत्ता विचारताय होय? डोहाळे कसले, ताई कुठे काय मागायची? आईने विचारलं तरी काही नको म्हणायची. एकच घेऊन बसली होती, मॅट्रिकला बसायचं. फी भरून झाली होती ना, लग्नाच्या आधी. परीक्षेच्या पहिल्या दिवशी मला म्हणाली, चल, नुसतं जाऊन येऊ. एवढं पोट घेऊन केंद्रापर्यंत चालत गेलो आम्ही. फाटकाशी उभी राहिली, घंटा होईपर्यंत. मग म्हणाली, चल शालू, आज मराठीचा पेपर आहे, सोपा असतो."

काका फोनवर आणखी वाकले.

"तुम्हाला सांगितलं नव्हतं तिने?"

"नाही."

इराने माझ्याकडे बघितलं. "अंकल, व्हॉट इज मॅट्रिक?"

"ओ लेव्हल्स," मी म्हणालो.

तिच्या ओ लेव्हल्स, म्हणजे सिंगापूरची दहावी, पुढच्या वर्षी होत्या. सकाळ-संध्याकाळ ट्यूशन, भिंतीवर वेळापत्रक, घरात दुसरा विषय नाही. ती फोनकडे बघत राहिली. मग पाय वर घेऊन सोफ्यात मागे टेकली, काकांच्या दंडाला दंड लावून, आणि तिच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजोबा, तिला विचार, मग काय झाला."

काकांनी फोन उचलून दोघांच्या मध्ये, इराच्या गुडघ्यावर ठेवला.

"शालू," ते म्हणाले, "चहा गार झाला तरी चालेल ना तुला? तू पहिल्यापासून सांग. आम्ही ऐकतोय."